सब्र फक्त मुलींनीच का करायचा?

गेल्या रमजानमधली गोष्ट. इफ्तार झाला होता, मगरिबची नमाज झाली होती. आम्ही पाच-सहा जणी स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो. पुढच्या खोलीत पुरुषमंडळी चहाची वाट बघत बसली होती. माझी १९ वर्षांची चुलत बहीण हातातली परात तशीच धरून थांबली आणि हळूच म्हणाली, अप्पी, मला हल्ली सकाळी उठावंसंच वाटत नाही. सहरीला हाक मारतात म्हणून उठते, नाहीतर वाटतं, उठूच नये.

क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. मग उत्तरं सुरू झाली.

मोठी चाची म्हणाली, "नमाज पाबंदी से पढ, सब ठीक होता." खाला म्हणाली, "नजर लगी होंगी छोरी को." तिच्या अम्मीने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "अच्छा रिश्ता आया की सब भूल जाएगी." आणि दारातून चहा न्यायला आलेला तिचा सख्खा भाऊ म्हणाला, "ये सब मोबाइल की वजे से होता. काढ लो मोबाइल."

चार माणसं, चार उत्तरं. पण "का गं, काय झालं?" हा प्रश्न एकानेही विचारला नाही. शेवटी सगळ्यांचं मिळून एकच ठरलं : सब्र कर.

हा लेख मी तिच्या परवानगीने लिहिते आहे. नाव, गाव काही सांगणार नाही. सांगायची गरजही नाही, कारण तुमच्यापैकी प्रत्येकीच्या घरात अशी एक मुलगी आहे, आणि कदाचित ती तुम्हीच आहात.

जो प्रश्न कुणी विचारला नाही, त्याचं उत्तर आधी देते. बारावी सायन्सला तिला भावापेक्षा चांगले गुण होते. तिला बी. फार्म. करायचं होतं. कॉलेज दुसऱ्या गावी, म्हणजे होस्टेल आलं. होस्टेल म्हटल्यावर घरात नकार आला. भावाचं इंजिनिअरिंगचं कॉलेज तर त्याहून लांब होतं, त्याच्यासाठी मात्र कर्ज काढलं गेलं. दीड वर्ष ती घरात आहे. पहाटेपासून रात्री अकरापर्यंत कामाला आहे. त्या दीड वर्षात सहा घरच्या लोकांनी तिला येऊन पाहिलं. एकाने रंग सावळा म्हटलं, एकाने चष्मा आहे म्हटलं, बाकीच्यांनी काहीच कळवलं नाही. ट्रे घेऊन जायचं, सलाम करायचा, खाली बघून बसायचं आणि मग फोनची वाट बघायची, हे सहा वेळा. आता सांगा, तिला सकाळी उठावंसं का वाटावं?

आता ती चार उत्तरं एकेक करून बघू. कारण ही माणसं वाईट नाहीत. माझीच आहेत, तिच्यावर प्रेम करणारी आहेत. म्हणूनच त्यांच्या चुकीची किंमत मोठी आहे.

पहिलं उत्तर : नमाज. माझ्या दादीने आयुष्यातली फार मोठी दुःखं मुसल्यावर बसून सोसली. तो आधार मी नाकारत नाही. पण आधार वेगळा आणि इलाज वेगळा. अब्बांची साखर वाढते तेव्हा आपण त्यांना इन्सुलिन बंद करून तसबीह हातात घ्या असं सांगतो का? मग मनाच्या आजारालाच "ईमान कमजोर आहे" हे निदान का? जी मुलगी आधीच स्वतःला नालायक समजते आहे, तिला आपण वरून गुन्हेगारही ठरवतो. आधी ती फक्त उदास होती. आता उदास असल्याबद्दल खुदासमोर शरमिंदा पण आहे.

जे लोक सांगतात की हे नैराश्य वगैरे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, त्यांनी आपलाच इतिहास वाचावा. अबू झैद अल-बल्खी हे विद्वान इ. स. ९३४ मध्ये वारले. शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. राग, भीती, उदासी आणि डोक्यात पुन्हापुन्हा येणारे त्रासदायक विचार अशी मनाच्या त्रासांची विभागणी त्यांनी केली. कारण माहीत असलेली उदासी वेगळी आणि कारण न सापडणारी उदासी वेगळी, हेही त्यांनी सांगितलं. कैरोत १२८४ च्या सुमारास सुलतान कलावूनने बांधलेल्या रुग्णालयात मनोरुग्णांवर उपचार होत. म्हणजे हजार वर्षांपूर्वी ज्यांना हा आजार कळत होता, त्यांचं नाव अभिमानाने घेणारे आपण आज मुलीला सांगतो की तुझं ईमान तपास.

दुसरं उत्तर : नजर, सिहर, जिन्न, बाहेरची बाधा. याचं पुढचं पाऊल आमिलकडे आणि त्याच्या पुढचं एखाद्या दर्ग्यावर हजेरीला. मुलगी ओरडली, तर जिन्न बोलतो. गप्प बसली, तर जिन्न गप्प आहे. ती स्वतः कधीच बोलत नाही. हा व्यवहार सगळ्यांच्या सोयीचा आहे. बाधा झाली म्हटलं की घरातल्या कुणाचीच चूक राहत नाही. होस्टेलला नाही म्हणणाऱ्या बापाची नाही, सावळी म्हणणाऱ्या पाहुण्यांची नाही.

आणि या सोयीची किंमत काय असते, ते एरवाडीने दाखवलं. तमिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांना ठेवणारी खासगी आश्रयगृहं होती. ६ ऑगस्ट २००१ ला त्यांतल्या एकाला आग लागली. रुग्ण साखळदंडाने बांधलेले होते. पळता आलं नाही. २८ जण मेले. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कोणत्याही मनोरुग्णाला साखळीने बांधायला मनाई केली आहे. महाराष्ट्रात तर २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचलं, तो फक्त हिंदू बुवांसाठी नाही. आपल्या गल्लीतल्या आमिललाही तो तेवढाच लागू आहे.

तिसरं उत्तर : लग्न. आपल्याकडे मुलीच्या प्रत्येक दुखण्यावर हेच औषध. झोप येत नाही, लग्न करा. रडते, लग्न करा. हसते जास्त, मग तर लगेच करा. तर हे औषध किती लागू पडतं ते बघू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये भारतात ४५,०२६ स्त्रियांनी आत्महत्या केली. त्यांपैकी २३,१७८ गृहिणी होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त, रोज सरासरी ६३. लग्न हा इलाज असता, तर या बायका आज जिवंत असत्या. लग्नाने आजार जात नाही, आजारी मुलगी एका घरातून दुसऱ्या घरात जाते. तिथे तिला ओळखणारं कुणी नसतं. त्यात आजार लपवून निकाह लावलेला असतो, म्हणून गोळ्या बंद होतात. मग पहिलं बाळंतपण येतं, आणि ज्या काळात निरोगी बाईचंही मन हलतं त्या काळात ही एकटी पडते. पुढे सासरचे म्हणतात, आम्हाला फसवलं. तलाकची भीती आधीपासून होती, तिला आता कारण मिळतं.

लग्नाआधी मुलीला बरं होऊ द्या. आणि निकाहनाम्यात अटी घालायची मुभा शरियतनेच दिली आहे, तिचा वापर करा. शिक्षण पुरं करीन, नोकरी करीन, उपचार थांबवणार नाही, आणि वेळ पडली तर तलाक-ए-तफवीजने मला स्वतःला वेगळं होता येईल, हे सगळं लिहून घेता येतं. मेहरची रक्कम घासाघीस करून ठरवणारे आपले बुजुर्ग या अटींचा कागद मात्र कधी बाहेर काढत नाहीत.

चौथं उत्तर : मोबाइल काढून घ्या. मोबाइलने डोकं फिरतं हे काही अंशी खरंही असेल. पण मग भावाचा का नाही काढला? तो रात्री दोनपर्यंत जागतो, ते चालतं. मुलीच्या हातात तो फोन ही बाहेरच्या जगाची एकमेव खिडकी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. त्याच पाहणीत बाजार, दवाखाना आणि गाव किंवा वस्तीबाहेरचं ठिकाण या तिन्ही ठिकाणी एकटीने जायची मुभा असलेल्या स्त्रिया फक्त ४२ टक्के निघाल्या. हे दोन आकडे शेजारी ठेवा. दवाखान्यात एकटीने जायचं नाही, आणि फोनवरून मदत मागायची तर फोन नाही. मग ती मदत मागणार कुणाकडे? ज्यांनी तिला कोंडलं त्यांच्याकडेच?

या चारही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. चारही ठिकाणी बदलायचं आहे ते मुलीने. घराने काहीच बदलायचं नाही. सब्र तिने करायचा, नमाज तिने वाढवायची, तावीज तिने बांधायचा, घर तिने सोडायचं, फोन तिने द्यायचा. सब्र ही मोठी गोष्ट आहे हे मला माहीत आहे. जे आपल्या हातात नाही ते सोसण्याची ती ताकद आहे. मरण, आजार, दुष्काळ. पण होस्टेलला नकार हा काही दुष्काळ नाही. तो अब्बांचा निर्णय आहे, आणि निर्णय बदलता येतो. माणसाने केलेल्या अन्यायाला नशीब म्हणायचं आणि त्यावर सब्र सांगायचा, हा सब्राचाच अपमान आहे.

घरातली वाटणी बघा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातलं बिनपगारी काम करणारी स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते. ते काम करणारा पुरुष ८८ मिनिटं. जवळजवळ पाच तास आणि दीड तास. मुलं, म्हातारी माणसं सांभाळणं यात धरलेलं नाही, ते वेगळं. रमजानमध्ये हा हिशेब कसा होतो ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. रोजा दोघांचा, पण तीन वाजता उठून सहरी करायची तिने आणि अजानच्या ठोक्याला भजी गरम हवीत तीही तिनेच तळलेली. थकवा, झोप न मिळणं आणि आपल्या कामाला काम न म्हटलं जाणं या तिन्हीने कुणाचंही मन खचेल. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नैराश्य पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये सुमारे दीडपट आढळतं. त्यात शरीराचा भाग असेलच. पण घराचा भाग किती, हा प्रश्न घराने स्वतःला विचारायला नको का?

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर माझ्या म्हणण्याचा विपर्यास होईल. प्रत्येक मुलीचं नैराश्य विषमतेतूनच येतं, असं मी म्हणत नाही. सगळं मिळूनही मन आजारी पडतं. तेव्हा डॉक्टर हवा, औषध हवं, आणि समतेचं भाषण त्याची जागा घेऊ शकत नाही. पण उलटंही तितकंच खरं आहे. सकाळी गोळी द्यायची आणि संध्याकाळी पुन्हा ट्रे देऊन पाहुण्यांसमोर उभं करायचं, तर ती गोळी बिचारी काय करणार?

आता मला तीन आक्षेप ऐकू येतात.

पहिला : हे काय फक्त मुसलमानांतच आहे का? नाही. वरच्या आकड्यांत सगळ्या धर्मांच्या बायका आहेत. २०१६ मध्ये जगभरात आत्महत्येने मेलेल्या स्त्रियांपैकी ३६.६ टक्के भारतातल्या होत्या, असं 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मधल्या अभ्यासाने दाखवलं. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा १८ टक्क्यांच्या आसपास असताना हे प्रमाण दुप्पट आहे. हा देशाचा आजार आहे. पण शेजारच्या घरात आग लागली आहे म्हणून आपल्या घरातली विझवायची नाही, हा कुठला न्याय?

दुसरा : पुरुषही त्रासात आहेत. आहेत. २०२१ मध्ये १,१८,९७९ पुरुषांनी आत्महत्या केली, स्त्रियांच्या अडीचपटीहून जास्त. ज्या व्यवस्थेने मुलीला "सब्र कर" शिकवलं, तिनेच मुलाला "मर्द रोते नहीं" शिकवलं. कमवून आणायचं ओझं एकट्याच्या डोक्यावर ठेवलं. शिकलेली बहीण कमावती झाली, तर ते ओझं वाटून घेतलं जाईल. म्हणून भावांनो, हा लेख तुमच्याविरुद्ध नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे : बाहेर बोलू नकोस, आधीच समाजाची बदनामी कमी आहे का? ही भीती खोटी नाही. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ ला बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या मुस्लिम स्त्रियांचे फोटो चोरून ॲपवर त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. २०२२ मध्ये कर्नाटकात हिजाब घातलेल्या मुलींना कॉलेजच्या फाटकावर अडवलं गेलं. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना संशोधनासाठी मिळणारी मौलाना आझाद फेलोशिप त्याच वर्षी केंद्र सरकारने बंद केली. आमच्या मुलींच्या मनावर या सगळ्याचा भार आहे. आमच्या दुःखाचा उपयोग फक्त आम्हाला झोडपायला करणाऱ्यांना मी सांगते की तुमचा कळवळा आम्हाला नको. तुम्ही फाटकं उघडा, तेवढं पुरे.

पण मग घराने काय केलं? बाहेर त्रास झाला म्हणून फोटो टाकू नकोस, बाहेर जाऊ नकोस, कॉलेज बास. गुन्हा बाहेरच्याने केला आणि शिक्षा मुलीला. बाहेरच्यांना वाटतं ती घरात दबलेली आहे, घरच्यांना वाटतं ती बाहेर बिघडेल. दोघांनाही ती घरातच हवी असते. बदनामी होते ती आपण बोललो म्हणून होत नाही. आपण गप्प राहतो आणि मग एक दिवस बातमी येते, तेव्हा होते.

आपल्या चळवळीलाही दोन शब्द. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाई सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत सचिवालयावर गेले. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्धचा तो मोर्चा होता. सात जणी. त्या काळात त्यांनी काय सोसलं असेल, याची मला कल्पना करता येत नाही. पन्नास वर्षांनी, २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला. ही आपली मिळकत आहे. पण आपण सभांत तलाक, पोटगी, वारसा यांवर जितकं बोललो, तितकं त्या मुलीवर बोललो नाही जिचा अजून निकाहच झालेला नाही. तिच्यावर अन्याय करणारा नवरा नाही, सासर नाही. तिचेच अम्मी-अब्बा आहेत, आणि तिचं त्यांच्यावर प्रेम आहे. तिच्यासाठी मोर्चा कुठे काढायचा?

माझं उत्तर : मोहल्ल्यात. आणि मागण्या साध्या आहेत.

जुम्म्याच्या खुतब्यात महिन्यातून एकदा तरी इमामसाहेबांनी सांगावं की मनाचा आजार हा आजार आहे आणि त्याचा इलाज डॉक्टरकडे आहे. आमिलने दहा वर्षांत जेवढं नुकसान केलं, तेवढं एका खुतब्याने भरून निघणार नाही, पण अब्बा ज्याचं ऐकतात असा तोच एक मंच आहे. जमातीच्या शादीखान्यासाठी चंदा गोळा होतो, तसा एका समुपदेशक बाईच्या मानधनासाठी करा. आठवड्यातून एक दुपार, एक खोली, एक पंखा. मुलींना घरातून निघताना "शिवणक्लासला जाते" असं खोटं सांगावं लागणार नाही, एवढं बघा.

भावांनो, तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. बहिणीच्या ॲडमिशनची बैठक होईल तेव्हा खोलीतून उठून जाऊ नका, तिच्या बाजूने बोला. तुमच्यासाठी मुलगी बघायला जायची वेळ आली, तर पाच घरं फिरू नका, आणि नकार द्यायचा असेल तर रंगावर बोलू नका. आणि चहा स्वतः करून घ्या. हसू नका, शेवटची गोष्ट सर्वांत अवघड जाणार आहे.

आणि मुलींनो, तुमच्यासाठी. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, १८००-८९-१४४१६ हा दुसरा. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा, तिथे खासगी दवाखान्याएवढा खर्च नाही. तुम्ही १८ वर्षांच्या असाल, तर उपचार घ्यायचा निर्णय तुमचा आहे, आणि तुमची माहिती गुप्त राहणं हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. जीव द्यायचा प्रयत्न झाला म्हणून पोलीस शिक्षा करतील, या भीतीने दवाखाना टाळू नका. तोच कायदा सांगतो की अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरायचं, आणि तिची काळजी घेणं सरकारचं काम आहे. घरात मारहाण, कोंडणं, सतत अपमान होत असेल, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा फक्त बायकोसाठी नाही, मुलीसाठी आणि बहिणीसाठीही आहे. आणि तो सगळ्या धर्मांना लागू आहे.

माझ्या बहिणीचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. ईदनंतर तिसऱ्या दिवशी मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. घरी सांगितलं, डोळे तपासायला चाललोय. चष्म्याचा असा एकदा तरी उपयोग झाला. डॉक्टरबाईंनी तिला वीस मिनिटं बोलू दिलं. परतताना बसमध्ये ती म्हणाली, अप्पी, त्यांनी मला विचारलं, काय झालं. एवढंच. बाकी काही म्हणाली नाही.

ती अजून बरी झालेली नाही. गोळ्या चालू आहेत, डाळीच्या डब्यामागे ठेवलेल्या. ॲडमिशनचा अर्ज यावर्षी पुन्हा भरला आहे, अब्बांची सही बाकी आहे. सही मिळेल की नाही, मला माहीत नाही. मिळाली नाही तर पुन्हा मागू.

आज रात्री जेवण झालं की तुमच्या घरातल्या मुलीकडे बघा. गप्प असेल तर सब्र कर म्हणू नका. काय झालं, एवढं विचारा, आणि ती बोलेपर्यंत थांबा. तेवढा सब्र आता आपण करू.